पंधरा तारखेपर्यंत

आमच्या कारखान्यात पंपांना लागणाऱ्या रबरी रिंगा बनतात. भोसरी एमआयडीसीत एका गल्लीच्या टोकाला शेड आहे, पंचवीस-तीस माणसं आहेत, आणि माल पाठवणं, चलनं, बिलं, बाहेरदेशच्या ग्राहकांशी पत्रव्यवहार हे सगळं माझ्या टेबलावर येतं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, पुढे बी.कॉम. इंग्रजी वाचता येतं, लिहिताही येतं, असा माझा परवापरवापर्यंत समज होता.

फेब्रुवारीतली गोष्ट. इंग्लंडचे एक ग्राहक दर महिन्याला आमच्याकडून रिंगा घेतात. पुढचा लॉट कधी, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "पंधरा मार्चपर्यंत पाठवतो म्हणून कळवा." मी कळवलं. शब्दाला शब्द ठेवून लिहिलं, 'वी विल सप्लाय द रिंग्ज अनटिल फिफ्टीन्थ मार्च.' स्पेलिंग तपासलं, खाली नाव घातलं, पाठवून दिलं.

तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी साहेबांचा फोन वाजला. ते बाहेर येऊन बोलत होते म्हणून मला एकीकडचं ऐकू येत होतं. "नो नो, हू सेड? नो, वी आर नॉट स्टॉपिंग." मग बराच वेळ नुसतं "यस, यस". तिकडच्या माणसानं माझी मेल अशी वाचली होती की पंधरा मार्चपर्यंत आम्ही रिंगा पुरवत राहू आणि त्यानंतर बंद करू. त्या तीन दिवसांत त्यांनी दुसऱ्या दोघांकडून भावही मागवले होते.

अनटिलच्या जागी बाय लिहायला हवं होतं. साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. "जरा बघत जा," एवढंच म्हणाले, आणि पुढचे दोन महिने माझी प्रत्येक मेल जाण्याआधी स्वतः वाचायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग मी क्लास लावला. आमच्या पेठेतच, एका जुन्या वाड्याच्या माडीवर, संध्याकाळी सात ते साडेआठ. वर्गात नोकरीच्या मुलाखतीला जाणारी विशीतली पोरं, आणि मी सेहेचाळीस वर्षांची. सरांनी फळ्यावर चार खणांचा तक्ता काढला. फॉर म्हणजे कालावधी, सिन्स म्हणजे कालबिंदू. बाय म्हणजे त्या वेळेच्या आत, अनटिल म्हणजे त्या वेळेपर्यंत. लिहून घ्या, पाठ करा.

सिन्सचा माझा घोळ त्या तक्त्यानं खरंच सुटला, हे कबूल करायला हवं. आपण सगळे 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' म्हणतो त्याचं कारण उघड आहे. मराठीत '२००९पासून काम करते' आणि 'तीन वर्षांपासून काम करते' दोन्ही चालतं, एकच 'पासून'. इंग्रजीत २००९ला सिन्स आणि तीन वर्षांना फॉर. शिवाय दोन्हीकडे क्रियापदही बदलतं, 'आय हॅव वर्क्ड' किंवा 'आय हॅव बीन वर्किंग'. मराठीत साधा वर्तमानकाळ पुरतो, कारण काम अजून चालूच आहे. इंग्रजीला मात्र मागून आलेली ती अख्खी ओळ दाखवायची असते.

पण बाय आणि अनटिलचं काय? दोघांच्या पुढे कालबिंदूच येतो. शुक्रवार, पाच वाजता, पंधरा मार्च. फॉर आणि इन यांच्या पुढे दोन्हीकडे कालावधी, दोन दिवस, एक तास. म्हणजे घड्याळाकडे कितीही बघितलं तरी यांच्यातला फरक दिसणार कुठून? मी सरांना विचारलं. "सवयीनं येतं हो," ते म्हणाले, आणि पुढच्या धड्याकडे वळले. माझी सवयच तर बिघडलेली होती. महिनाभर गेले, मग बंद केलं. पैसे परत मिळत नव्हतेच.

अप्पा बळवंत चौकातून रिकाम्या जागा भरायचं एक पुस्तक आणलं. रोज मंडईहून मेट्रोत बसायचं, नाशिक फाट्यापर्यंत पानभर जागा भरायच्या, मागे उत्तरं बघायची. वीसातली सतरा बरोबर यायला लागली. आणि कारखान्यात पोचल्यावर मेल लिहायला बसले की हात पुन्हा तसाच अडायचा. पुस्तकात वाक्य तयार असतं, आपण नुसतं भोक बुजवतो. मेलमध्ये वाक्यच आपल्याला घडवायचं असतं.

उत्तर सापडलं ते आमच्या सोसायटीच्या जिन्याखालच्या फळ्यावर.

त्या महिन्यात पाण्याच्या टाकीचं काम निघालं होतं. सेक्रेटरींच्या अक्षरात दोन सूचना शेजारीशेजारी लागल्या होत्या. पहिली, 'देखभाल खर्च १० तारखेपर्यंत भरावा.' दुसरी, 'पाणी १० तारखेपर्यंत उकळून प्यावे.' खाली कोणीतरी पेन्सिलीनं 'आणि ११ला?' असं लिहून ठेवलं होतं. पुण्यात फळा कोरा राहत नाही.

मी पिशवी खाली ठेवून तिथंच उभी राहिले. 'तारखेपर्यंत' दोन्हीकडे तेच. पण देखभाल खर्च रोज भरत राहायचा असं कोणाच्या मनातही येत नाही, आणि दहाच्या आत कधीतरी एकदा उकळलेलं पाणी पिऊन मोकळं व्हावं असंही कोणी समजत नाही. पहिली सूचना इंग्रजीत 'बाय द टेन्थ', दुसरी 'अनटिल द टेन्थ'. 'पर्यंत'नं काही ठरवलेलं नाही. ठरवलंय 'भरणे' आणि 'पिणे' या शब्दांनी. आणि आपण ते ओलांडून जातो, कारण मराठीत आपल्याला ठरवावं लागतच नाही.

(तरी क्वचित मराठीतही अडतं. एकदा वायरमनला मी सांगितलं होतं, "मी सहापर्यंत घरी असेन." माझ्या मनात होतं सहाच्या आत पोचेन. तो साडेपाचला येऊन कुलूप बघून गेला, कारण त्यानं ऐकलं की सहा वाजेपर्यंत मी आहेच. तेव्हा मी त्यालाच बोल लावला होता.)

रविवारी भाची जेवायला आली. ती डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचं एम.ए. करते आणि त्याआधी फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या दोन-तीन परीक्षा देऊन आली आहे. तिला फळ्याची गोष्ट सांगितली तर ती आमटी वाढता वाढता थांबली. "मावशी, हेच आम्हाला पहिल्या सेमिस्टरला शिकवतात. तू जिन्याखाली शिकलीस."

मग तिनं झेनो व्हेंडलर या माणसाचं नाव काढलं. जन्म हंगेरीतला, पुढे अमेरिकेत तत्त्वज्ञान शिकवलं. १९५७ साली त्यांचा एक निबंध आला, क्रियापदं आणि काळ यांच्याबद्दल. त्यात इंग्रजी क्रियापदांचे चार गट पाडले आहेत, आणि ते पाडताना 'फॉर ॲन अवर' जुळतं की 'इन ॲन अवर' ही चाचणीही वापरली आहे. गाडी ढकलणं हा एक प्रकार, वर्तुळ काढणं हा दुसरा, शिखरावर पोचणं हा तिसरा, आणि एखादी गोष्ट माहीत असणं, आवडणं हा चौथा.

"पर्वतीवर जाऊन समजावते," ती म्हणाली, आणि खरंच संध्याकाळी आम्ही गेलो. पायऱ्या सुरू झाल्या तशी तिची शिकवणीही. अर्ध्यावर मला दम लागला आणि मी कठड्याला टेकले.

"आता इथूनच खाली गेलो तर, मावशी, तू चाललीस का?"

"चालले की."

"पर्वती चढलीस का?"

"नाही."

"झालं तर."

चालणं कुठेही थांबवलं तरी तेवढं चालणं झालेलंच असतं. त्याला स्वतःचा शेवट नाही, म्हणून ते मोजायला तासभर, वीस मिनिटं असं काहीतरी बाहेरून लावावं लागतं, आणि इंग्रजी तिथे फॉर लावतं. पर्वती चढणं शेवटची पायरी आली की संपतं आणि त्याआधी ते झालेलं नसतं. त्याचा शेवट त्याच्या पोटातच आहे. म्हणून तिथे विचारायचं ते किती वेळात, आणि इंग्रजी इन लावतं. 'वी वॉक्ड फॉर ट्वेन्टी मिनिट्स', पण 'वी क्लाइम्ब्ड पर्वती इन ट्वेन्टी मिनिट्स'. (वीस मिनिटं भाचीच्या हिशोबानं. माझी पस्तीस लागली.)

वर पोचल्यावर शेंगा घेतल्या. तिनं पुडी हातात धरून पुढचा धडा दिला. शेंगा खाणं याला शेवट नाही, तासभर शेंगा खात बसता येतं. पुडीभर शेंगा खाणं याला शेवट आहे, पाच मिनिटांत पुडी संपते. क्रियापद तेच, खाणं. म्हणजे नुसत्या क्रियापदाकडे बघूनही भागत नाही, त्याच्यापुढे काय आणि किती आहे तेही बघायचं. 'ड्रँक टी फॉर ॲन अवर' आणि 'ड्रँक अ कप ऑफ टी इन फाइव्ह मिनिट्स'. आमच्या कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर 'रिंगा तपासल्या' याला फॉर, आणि 'पाचशे रिंगा तपासल्या' याला इन.

आणि एका क्षणात होणाऱ्या गोष्टी? शिंक, टकटक, दिव्याचं लुकलुकणं? 'ही नॉक्ड फॉर फाइव्ह मिनिट्स' म्हटलं की एकच टकटक पाच मिनिटं लांबत नाही, तो पुन्हापुन्हा ठोठावत राहिला असा अर्थ निघतो. 'तासभर पाहुणे येत होते' तसंच. येणं क्षणाचं, पण पाहुणे पुष्कळ.

परत उतरताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. हा फरक मला कोणी शिकवलेला नाही आणि मी तो कधी चुकवलेलाही नाही. मराठीत 'तासभर पुस्तक वाचलं' आणि 'तासाभरात पुस्तक वाचलं' यांत मी कधी गोंधळले? पहिल्यात पुस्तक संपलं की नाही कोणास ठाऊक, दुसऱ्यात संपलंच. आपल्याकडे तर याच्यासाठी जोडक्रियापदंही आहेत. 'वाचत बसले' म्हटलं की त्याला 'तासभर'च लागतं, 'तासाभरात वाचत बसले' कोणी म्हणणार नाही. 'वाचून काढलं' म्हटलं की 'तासाभरात'च, 'तासभर वाचून काढलं' कानाला टोचतं. बसणं, राहणं एका बाजूला. काढणं, टाकणं, होणं दुसऱ्या बाजूला. इतकं सगळं घरात असताना मी पेठेतल्या माडीवर फी भरून तक्ता पाठ करत होते.

तेव्हापासून मेल लिहिण्याआधी मी वाक्य मनात मराठीत असं बोलून बघते. 'मशीन दुरुस्त करत राहू' की 'दुरुस्त करून टाकू'? टाकू, तर इन. 'पाठवत राहू' की 'पाठवून देऊ'? देऊ, तर बाय. पंधरा मार्चच्या मेलला ही चाळणी लावली असती तर ती अडली असती. हा उपाय कुठल्या पुस्तकात आहे का मला माहीत नाही, माझा मी काढला आहे आणि बऱ्याचदा चालतो.

बऱ्याचदा म्हणते, कारण फॉरनं मला आणखी एकदा दगा दिला. आमचा तंत्रज्ञ दोन दिवस बाहेरगावी गेला होता. 'ही हॅज गॉन टू चेन्नई फॉर टू डेज' असं लिहायचं होतं आणि मी अडून बसले. जाणं तर एकदाच होतं, गेला म्हणजे गेला, मग फॉर कसं? घरी फोन करून भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, दोन दिवस काय चाललंय? जाणं की तिथे असणं?" असणं. जाण्याचा जो परिणाम, तो दोन दिवस टिकायचा आहे. आणि मराठीत आपण त्याला वेगळं चिन्ह देतो, 'दोन दिवसांसाठी गेला'. दुकान दोन तासांसाठी बंद केलं, पुस्तक आठवड्यासाठी नेलं. इंग्रजीतला एकच फॉर आपल्याकडे कधी 'भर' होतो, कधी 'साठी'. इथे मराठी इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे, हे लक्षात आल्यावर मला जरा बरं वाटलं.

तशीच मजा नकाराची. 'द ट्रक लेफ्ट अनटिल नाइन' हे चूक, कारण निघणं काही नऊपर्यंत चालू राहत नाही. पण 'द ट्रक डिडन्ट लीव्ह अनटिल नाइन' अगदी बरोबर. न निघणं मात्र नऊपर्यंत चालू राहू शकतं. 'नऊपर्यंत ट्रक निघालाच नाही' म्हणताना आपणही हेच करतो, आणि ऐकणाऱ्याला कळतं की नऊला निघाला. अमेरिकेच्या एका ग्राहकानं आमच्याबद्दल लिहिलं होतं, 'वी हॅवन्ट हॅड अ कम्प्लेंट इन टू इयर्स.' इथे फॉर का नाही म्हणून मी चक्रावले, आणि मग मराठीत म्हणून पाहिलं. 'दोन वर्षांत एकही तक्रार नाही.' 'वर्षांत'! 'आत'च आलं की तिथे. ती मेल मी छापून ठेवली आहे, पण ती वेगळ्या कारणासाठी.

शेजारच्या काकांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. ते संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. वय ब्याऐंशी, रोज सकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचतात आणि जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला अडवतात. मी त्यांना उत्साहानं व्हेंडलर सांगायला गेले. १९५७, चार गट, फॉर आणि इन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"कालाध्वनोरत्यन्तसंयोगे," ते म्हणाले. "दोन, तीन, पाच."

मला वाटलं बस नंबर सांगतायत. पाणिनीच्या अष्टाध्यायीतला, म्हणजे संस्कृत व्याकरणाच्या सूत्रग्रंथातला, दुसरा अध्याय, तिसरा पाद, पाचवं सूत्र. क्रिया जर काळाला किंवा अंतराला सलग व्यापून असेल, तर काळाच्या शब्दाला द्वितीया लागते. मासम् अधीते, म्हणजे महिनाभर शिकतो. अंतरालाही तसंच. क्रोशं कुटिला नदी, कोसभर नदी वळणावळणाची. (इंग्रजीतही 'द रिव्हर वाइंड्स फॉर टू माइल्स' म्हणतात, हे माझ्या नंतर लक्षात आलं. फॉर नुसता वेळेचा नाही.)

"आणि लगेच पुढचं सूत्र," काका म्हणाले, "अपवर्गे तृतीया. फळ हाती येऊन क्रिया संपली, तर तृतीया. मासेन अनुवाकोऽधीतः. महिन्याभरात अनुवाक, म्हणजे वेदातला एक भाग, शिकून झाला, म्हणजे आला."

"आणि आला नाही तर?"

काका या प्रश्नाची वाटच बघत होते. "मासमधीतो नायातः. महिनाभर शिकला, पण आला नाही. टीकाकारांचंच उदाहरण आहे. तिथे तृतीया लागत नाही, द्वितीयाच राहते. तुझा तो क्लास, महिनाभर गेलीस ना? मासम्. मासेन नव्हे."

मला हसावं की रागवावं कळेना. पण पोटात काहीतरी हललं खरं. 'तासभर' आणि 'तासाभरात' हा फरक इसवी सनाच्या कितीतरी आधी कोणीतरी इतक्या थोड्या अक्षरांत बांधून ठेवला होता, आणि दोन सूत्रं शेजारीशेजारी ठेवली होती, सेक्रेटरींच्या दोन सूचनांसारखी.

काका थांबले नव्हते. "सातवं सूत्र ऐकून जा. सप्तमीपञ्चम्यौ कारकमध्ये. आज जेवून हा पुन्हा दोन दिवसांनी जेवेल. द्व्यहे भोक्ता किंवा द्व्यहाद् भोक्ता. दोन क्रियांच्या मधला काळ. त्याला सप्तमी किंवा पंचमी."

इथे माझं दुसरं कोडं सुटायला लागलं, जे मी अजून कोणाला विचारलंही नव्हतं. इंग्रजीत 'ही रोट इट इन टू डेज' म्हणजे दोन दिवसांत लिहून झालं. पण 'ही विल कम इन टू डेज' म्हणजे दोन दिवसांनी येईल. एकच इन, एकदा काम किती वेळात उरकलं ते सांगतो, एकदा आतापासून किती वेळानं घडेल ते. पाणिनीनं या दोन गोष्टी सहाव्या आणि सातव्या सूत्रात वेगळ्या ठेवल्या. पहिलीला तृतीया, दुसरीला सप्तमी किंवा पंचमी. मराठीतही त्या वेगळ्याच आहेत, पण बघा, पहिलीला आपण 'दोन दिवसांत' म्हणतो आणि दुसरीला 'दोन दिवसांनी'. सप्तमी आणि तृतीयेनं जागा बदलल्यासारखं झालं आहे. मी हे काकांना म्हटलं तेव्हा ते पहिल्यांदाच गप्प झाले, मग म्हणाले, "चहा घेऊन जा." काकांच्या घरी असा चहा सहसा मिळत नाही.

कामाच्या दृष्टीनं हा इनचा दुटप्पीपणा धोक्याचा आहे. 'वी विल रिपेअर द मोल्ड इन टू डेज' यातून दोन्ही अर्थ निघू शकतात, दोन दिवसांत करून देऊ किंवा दोन दिवसांनी हातात घेऊ. म्हणून मी अशा जागी विदिन लिहायला लागले. विदिनला 'आतच' याशिवाय दुसरा अर्थ नाही. तारीख द्यायची असेल तर बाय आणि तारीख. साहेबांनी आता माझ्या मेल वाचणं सोडलं आहे. कधी सोडलं ते नेमकं सांगता येणार नाही, एक दिवस लक्षात आलं की बरेच दिवस त्यांनी मागितलेल्या नाहीत.

मधे जर्मनीच्या ग्राहकाची मेल आली. त्यांच्या खरेदी विभागातल्या माणसानं लिहिलं होतं, 'वी आर वेटिंग सिन्स थ्री वीक्स. प्लीज सेंड द सर्टिफिकेट अनटिल फ्रायडे.' मी दोनदा वाचलं. ही तर माझीच चूक, जशीच्या तशी! भाचीला दाखवलं तर ती खो खो हसली. जर्मनमध्ये 'बिस' हा एकच शब्द आहे, बाय आणि अनटिल दोन्हीसाठी. 'झाइट' हा एकच शब्द, सिन्सलाही आणि फॉरलाही, आणि क्रियापद आपल्यासारखंच साध्या वर्तमानात. "मावशी, तू तुझी फेब्रुवारीची मेल जर्मनीला पाठवली असतीस तर कोणाला काही वाटलंच नसतं."

त्या माणसाला मी सर्टिफिकेट पाठवलं, गुरुवारीच. त्याची चूक दाखवली नाही. सोबत लिहिलं, 'यू विल रिसीव्ह द ओरिजिनल बाय टेन्थ.' त्यानं आभार मानले आणि लिहिलं, 'ओके, अनटिल टेन्थ.' मी तेही सोडून दिलं.

मागच्या आठवड्यात इंग्लंडच्या त्याच ग्राहकांची मेल आली. वर्षभराच्या करारासाठी आम्ही भाव दिले होते. त्यांनी लिहिलं होतं, 'वी विल डिसाइड इन टू वीक्स.' साहेब माझ्या टेबलाशी आले.

"काय म्हणतायत?"

"दोन आठवड्यांनी ठरवतो म्हणतायत."

"दोन आठवड्यांत?"

ठरवणं एका क्षणाचं आहे. बैठक होईल आणि ठरेल. आधी मधे काही हलणार नाही. "नाही साहेब," मी म्हटलं, "दोन आठवड्यांनी. आधी फोन करण्यात अर्थ नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या पंधरवड्यातल्या एका चौकोनाला पेननं गोल केला.